गेमबॉयवरचा हरवणारा बेस (आणि हातातल्या कन्सोलवर संगीत करणाऱ्या सगळ्यांसाठी धागा)

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने मी जुन्या करड्या गेमबॉयवर, म्हणजे १९८९ च्या पहिल्या मॉडेलवर, एलएसडीजे टाकून गाणी करतोय आणि एका ठिकाणी पार अडकलोय म्हणून हा धागा. इथे असे अजून कोणी असतील तर त्यांनीही आपापलं लिहा, मला सगळंच वाचायचंय.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेमबॉयच्या आत चारच आवाज आहेत. दोन पल्स चॅनल (चौकोनी लहर, तिची रुंदी १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के ठेवता येते), एक वेव्ह चॅनल ज्यात ३२ ठिपक्यांची स्वतःची लहर काढता येते, आणि एक नॉइज म्हणजे खरखर. एका चॅनलवर एका वेळी एकच सूर. एलएसडीजे हा या चार आवाजांसाठीचा ट्रॅकर आहे, योहान कोटलिन्स्की या स्वीडिश प्रोग्रामरने लिहिलेला, कार्ट्रिजवर टाकायचा आणि गेमसारखा चालू करायचा. सूर वरून खाली ओळींत भरायचे, सोळा ओळींचा एक फ्रेज, फ्रेज जोडून चेन, चेन जोडून गाणं.

आता अडचण. माझा बेस, म्हणजे खालचे जाड सूर, वेव्ह चॅनलवर आहे कारण तिथेच तो जाडजूड वाजतो. किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, तीही वेव्हवरच आहे, ड्रमकिटमधला सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा), कारण सॅम्पल फक्त वेव्हवरच वाजतात. त्यामुळे दर ठोक्याला किक येते आणि बेस तुटतो, परत सुरू होतो, परत तुटतो, अख्खं गाणं लंगडल्यासारखं वाटतं. बेस पल्स २ वर नेला तर कॉर्डला जागा उरत नाही आणि तो पातळही वाजतो. दोन आठवडे हेच चाललंय. तुम्ही लोक ही वाटणी कशी करता?

चारसेल

चांगला विषय काढलास. मी बरीच वर्षं यात आहे आणि या एका प्रश्नावर जेवढा वेळ घालवलाय तेवढा दुसऱ्या कशावर नाही.

पहिलं म्हणजे किटमधली किक सोड. तो सॅम्पल चार बिटचा असतो, साधारण साडेअकरा किलोहर्ट्झने वाजतो, आणि तो वाजत असेपर्यंत वेव्ह चॅनल पूर्ण त्याचा. तुला किकचा सगळा आवाज नकोच आहे. किक म्हणजे काय, वरून वेगाने खाली घसरणारा सूर. तो घसरला की शेवटी जिथे थांबतो तिथे तुझा बेसचा सूर असला तर? म्हणजे किक आणि बेस ही दोन वाद्यं न ठेवता एकच वाद्य ठेवायचं ज्याची सुरुवात किकसारखी आहे.

हे टेबलने होतं, म्हणजे सूर वाजत असताना त्यात ओळीओळीने बदल करणाऱ्या छोट्या यादीने. बेसच्या वेव्ह इन्स्ट्रुमेंटला एक टेबल लाव. टेबलची एक ओळ एका टिकला (एलएसडीजेच्या लयीचं सगळ्यात छोटं पाऊल) पुढे सरकते. ट्रान्सपोजच्या रकान्यात पहिल्या ओळीला दोन सप्तकं वर, दुसऱ्या ओळीला एक सप्तक, तिसऱ्याला अर्धं, चौथ्याला शून्य, आणि तिथेच हॉप (ओळीवर उडी मारायची कमांड) लावून थांबव. आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) असतात हे लक्षात ठेव, दोन सप्तकं म्हणजे २४ अर्धसूर म्हणजे तिथे १८ लिहायचं, एक सप्तक म्हणजे शून्य सी.

आता हिशेब बघ. टेम्पो १२० असेल आणि ग्रूव्ह (एका ओळीला किती टिक) नेहमीचा सहा-सहाचा, तर एका ठोक्यात २४ टिक, म्हणजे एक टिक साधारण २१ मिलिसेकंदांची. तीन टिक म्हणजे ६० च्या आसपास. एवढ्यात कानाला ठोका लागतो आणि लगेच खाली बेस उभा असतो. बेस तुटला असं वाटतच नाही, उलट बेसलाच धक्का आल्यासारखं वाटतं. जिथे किक नको तिथे तोच आवाज बिनाटेबलचा दुसरा इन्स्ट्रुमेंट करून वापर.

मंद्रसप्तक

हे मला सुचलंच नव्हतं. मी टेबल फक्त आर्पेजिओसाठी (कॉर्डचे सूर एकामागून एक) वापरत होतो. आज रात्री करून बघतो. एक शंका, बेसचा सूर बदलला की किकचाही सूर बदलेल ना?

चारसेल

बदलेल. सुरुवातीला खटकेल, नंतर आवडायला लागेल. फारच खटकलं तर वेव्हवरच पी कमांडने सूर पाडून किक वेगळी कर आणि के कमांडने तिसऱ्या-चौथ्या टिकला मारून टाक, मग पुढच्या ओळीवर बेस. त्यात बेसला थोडी फट पडते पण किटएवढी नाही.

खरखर

चारसेलदादांशी सहमत पण मी उलट्या वाटेने जाते. मी किक पल्स १ वर करते. पल्स १ ला हार्डवेअरमध्येच स्वीप (सूर आपोआप सरकवणं) आहे, दुसऱ्या पल्सला नाही, तो कशाला दिलाय, वापरायचा. ५० टक्के रुंदी, जोरदार सुरुवात, खाली स्वीप, झटकन संपवायचं. वेव्ह पूर्ण बेसला मोकळा राहतो आणि पल्स १ वर किकच्या मधल्या जागांत सुरावटीचे सूर बसवायचे. सुरावट मग ठोक्यावर सुरू न होता ठोक्याच्या किंचित नंतर सुरू होते, आणि नाचायच्या गाण्यात ते फार छान वाटतं, सुरावट सतत पुढे ढकलल्यासारखी चालते. माझी निम्मी गाणी या एका सवयीवर उभी आहेत.

आणि नॉइज चॅनलबद्दल कोणी बोलतच नाही म्हणून मीच बोलते. लोक नॉइजवर एक स्नेअर आणि एक हायहॅट ठेवतात आणि सोडून देतात. नॉइज हा एक शिफ्ट रजिस्टर आहे (बिट सरकवत आकडे काढणारं सर्किट), १५ बिटचा, तो ३२,७६७ पावलांनी परत पहिल्यापासून सुरू होतो म्हणून कानाला निव्वळ खरखर वाटते. पण तो ७ बिटवरही चालवता येतो आणि तेव्हा १२७ पावलांतच फेरी पूर्ण होते, मग त्या खरखरीत सूर ऐकू यायला लागतो, धातूवर काही घासल्यासारखा. मी त्यातून घंटा काढल्यात, इंजिन काढलंय, एका गाण्यात तर मधली अख्खी सुरावट त्यावर आहे. सूर बरोबर लागत नाहीत, जे मिळतात त्यातले चालतील ते निवडावे लागतात, पण आवाज असा की बाकी कुठे मिळणार नाही.

स्नेअर पडते तेव्हा हायहॅट वाजू शकत नाही ही तक्रार नेहमी येते. स्नेअरच्या वेळी हॅट कोणाला ऐकूच येत नाही हो. काढून टाका, काही फरक पडत नाही, ऐकणाऱ्याचा कान तिथे हॅट धरूनच चालतो.

षड्जपंचम

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो फक्त हॅटपुरता नाही.

मी मुळात हार्मोनियम वाजवणारा माणूस, इकडे उशिरा आलो. मला पहिले सहा महिने कॉर्डने छळलं. तीन सुरांची कॉर्ड वाजवायची तर तीन चॅनल गेले, मग गाणं कशावर करायचं. सगळे जण सांगतात सी कमांड वापरा, सी ३७ म्हणजे मायनर, सी ४७ म्हणजे मेजर, यंत्र तीन सूर इतक्या वेगाने फिरवतं की कॉर्ड ऐकू येते. बरोबर आहे, गेमच्या संगीताचा तो ओळखीचा किणकिणाट त्यातूनच येतो. पण पाच मिनिटं सलग ऐकलं की डोकं दुखतं, निदान माझं तरी.

मग मी सूर गाळायला शिकलो. बेस जर मूळ सूर धरून बसलाय तर तो सूर वर परत कशाला हवा. पंचम तर मूळ सुरातच दडलेला असतो, बेसची लहर जरा धारदार असली तर तिच्या तिसऱ्या हार्मोनिकमधून (मूळ सुराच्या पटीतला वरचा सूर) तो तसाही ऐकू येतो. उरला गंधार, शुद्ध की कोमल, त्यावर मेजर-मायनर ठरतं. तो एक सूर पल्स २ वर धरा, झाली कॉर्ड. आणि सुरावटच जर त्या क्षणी गंधारावर असेल तर पल्स २ सुद्धा मोकळा. मग तिथे सातवा सूर ठेवा किंवा सुरावटीचा प्रतिध्वनी ठेवा. मंद्रसप्तक, तुझी वाटणी चॅनलवार नको करूस, क्षणाक्षणाला कर. या क्षणी नक्की कोणता सूर वाजायलाच हवा, एवढंच विचार.

मंद्रसप्तक

षड्जपंचमजी, तुमचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. प्रतिध्वनी कसा करता ते पण सांगा ना.

षड्जपंचम

सोपा आहे. पल्स १ वरचा फ्रेज पल्स २ वर दोन किंवा तीन ओळी उशिरा लाव, आवाज निम्म्याहून कमी, आणि एफ कमांडने सूर अगदी किंचित हलव म्हणजे दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत. दोन चॅनल द्यायचे नसतील तर एकाच चॅनलवरही होतं, दोन सुरांच्या मधल्या रिकाम्या ओळीत आधीचाच सूर हळू आवाजात परत लिही. पल्सला आवाजाच्या १६ पायऱ्या आहेत, तेवढ्या पुरतात. वेव्हवर मात्र हे जमणार नाही, तिथे आवाजाच्या चारच पायऱ्या, बंद, पाव, अर्धा आणि पूर्ण.

चारसेल

वेव्हवर हळूहळू आवाज उतरवायचा असेल तर आवाज न बदलता लहरच बदलायची. एलएसडीजेच्या सिंथमध्ये एका आवाजाच्या १६ लहरी ओळीने तयार होतात, पहिली उंच आणि शेवटची जवळजवळ सपाट ठेवली की त्या एकामागून एक वाजताना सूर विझत गेल्यासारखा येतो. फिल्टर बंद होत जातोय असाही भास त्यातूनच करतात. लहरीला प्रत्येक ठिपक्याला फक्त चार बिट, म्हणजे उंची १६ पातळ्यांचीच, त्यामुळे सगळ्यात एक दाणेदारपणा येतो. मला तो दाणेदारपणा जगातल्या कुठल्याही सिंथपेक्षा जास्त आवडतो, हे मनापासून सांगतो.

नवाकार्ट

मी अगदी नवीन आहे, माझ्याकडे कन्सोलच नाही. एम्युलेटरवर (कंप्युटरवर गेमबॉयची नक्कल करणारा प्रोग्राम) शिकलं तर चालेल का की मूळ यंत्राशिवाय काही खरं नाही? आणि घ्यायचाच झाला तर कुठला मॉडेल?

चारसेल

अगदी चालेल. सेमबॉय किंवा बीजीबी वापर, दोन्हींचा आवाज फार जवळचा आहे. शिकायचं सगळं तिथे शिकता येतं, आणि फाईल तशीच पुढे खऱ्या कार्ट्रिजवर जाते.

मॉडेलचं म्हणशील तर: पहिला करडा, चार सेलवाला, त्याचा बेस सगळ्यात भरदार. गेमबॉय कलरचा प्रोसेसर दुप्पट वेगाने चालतो, त्यामुळे खूप टेबलं आणि कमांड असलेलं गाणं तिथे अडखळत नाही, करड्यावर कधी कधी एलएसडीजे 'टू बिझी' म्हणून सांगतो. ॲडव्हान्समध्ये जुनी कार्ट्रिज चालतात, पण आवाज बारीक येतो आणि मागे एक सतत सूं सूं असते. ॲडव्हान्स एसपीला हेडफोनचं भोकच नाही, चार्जिंगच्या जागी जोडणी लावावी लागते. मायक्रो आणि डीएसमध्ये जुनी गेमबॉय कार्ट्रिज चालत नाहीत, त्या घेऊ नकोस.

लूपकरी

कोणी नॅनोलूपचं नाव घेतलं नाही म्हणून वाईट वाटलं, मी त्यावरच वाढलोय. ऑलिव्हर विट्शोव या जर्मन माणसाने तो १९९८ साली केला, म्हणजे एलएसडीजेच्याही आधी. यात ओळी नाहीत, आकडे जवळपास नाहीत, चार बाय चारचा चौकोन, सोळा घरं, घरात ठोका ठेवायचा आणि बाणांनी त्याचा सूर, आवाज, रुंदी फिरवायची, सगळं वाजत असतानाच. एलएसडीजे म्हणजे लिहिणं आहे, नॅनोलूप म्हणजे वाजवणं. मी लोकांसमोर नेहमी नॅनोलूपच नेतो कारण थांबायची गरजच नाही, एक लूप फिरतोय तोवर दुसरा बदलायचा. ॲडव्हान्ससाठीच्या नॅनोलूप २ मध्ये तर एफएम सिंथ आहे, तो आवाज वेगळाच, काचेसारखा.

आणि दोन गेमबॉय केबलने जोडले की दोन्ही एकाच लयीत चालतात. तिथे बेसचा प्रश्नच संपतो, आठ आवाज.

खरखर

दोन यंत्रं जोडली की मला नेहमी असं होतं की मी सगळीकडे काहीतरी भरत सुटते आणि गाणं जड होतं. हे माझ्यापुरतं.

लूपकरी

होतं खरं. मी दुसऱ्यावर फक्त एक लांब सूर आणि थोडी खरखर ठेवतो.

फाईलपाल

मंडळी, एक कळकळीचं सांगायचंय, धाग्याच्या विषयाला थोडं सोडून. माझी अकरा गाणी गेली. दीड वर्षांची. कार्ट्रिजवर गाणी ज्या रॅममध्ये राहतात तिला जिवंत ठेवायला आत एक छोटा गोल सेल असतो, तो संपला की सगळं पुसलं जातं. मला माहीत होतं आणि मी पुढे ढकलत होतो. एक दिवस चालू केलं आणि गाण्यांची यादी रिकामी. त्यातलं एक गाणं मी आजीसाठी केलं होतं, ती होती तेव्हा ते ऐकवलं होतं, आता ते मला आठवून परत लिहावं लागतंय आणि मधला भाग काही केल्या आठवत नाही.

एलएसडीजेमध्ये १२८ केबीत ३२ पर्यंत गाणी मावतात आणि ती अख्खी फाईल कंप्युटरवर उतरवायला दोन मिनिटं लागतात. दर आठवड्याला उतरवा, तारीख घालून ठेवा. शक्य असेल तर एफरॅमवालं कार्ट घ्या, त्याला सेल लागतच नाही. आणि गाणं वाजतंय म्हणजे सेव्ह झालंय असं नाही, प्रोजेक्टच्या पडद्यावरून फाईल उघडून सेव्ह करावं लागतं, तेही नवीन मंडळींनी लक्षात ठेवा.

षड्जपंचम

फाईलपाल, वाचून वाईट वाटलं. कुठे त्याचं रेकॉर्डिंग केलं होतं का? फोनवर साधं केलेलं असलं तरी चालेल, दे, मी कानाने मधला भाग लिहून काढायला मदत करतो. खरंच.

फाईलपाल

बहिणीच्या फोनमध्ये एक व्हिडिओ आहे बहुतेक, मागे वाजतंय. शोधतो. खूप आभार काका.

झाळकाम

वर बेसबद्दल चाललंय म्हणून. तुमच्या लहरी आणि टेबलं बरोबर असली तरी हेडफोनच्या भोकातून जे बाहेर येतं ते आतल्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून येतं, त्यात सूं सूं मिसळते आणि खालचे सूर जरा कमी होतात. करड्या गेमबॉयला प्रोसाउंड करून बघा: आवाजाच्या चाकाच्या आधीच दोन तारा झाळून थेट वेगळ्या जॅकला द्यायच्या. मग चाक फिरवून त्या जॅकचा आवाज बदलत नाही, तो मिक्सरवरच ठरवायचा, पण आवाज स्वच्छ आणि बेस मोकळा. पहिल्यांदा झाळत असाल तर आधी एखाद्या मोडक्या बोर्डवर हात बसवा, आणि झाळण्याआधी सेल काढा.

पडद्यामागे दिवा बसवलेल्यांनी लक्ष द्या, काही दिव्यांमुळे आवाजात किणकिण येते. रेकॉर्डिंगच्या वेळी दिवा बंद करून ऐकून बघा, फरक कळेल.

प्रश्नचिन्ह

मला एक प्रामाणिक प्रश्न आहे, कोणाला दुखवायचं नाही. फर्नेस ट्रॅकर कंप्युटरवर फुकट मिळतो, त्यात गेमबॉयचे हेच चार आवाज आहेत, मोठा पडदा, कीबोर्ड, बॅकअपची भीती नाही. मग आठ बटणांच्या डब्यावर का?

खरखर

चांगला प्रश्न आहे आणि फर्नेस उत्तम आहे, मीही कधी कधी वापरते. पण बटणांमुळेच. एलएसडीजेमध्ये ए दाबून डावा-उजवा बाण म्हणजे अर्धा सूर, ए दाबून वर-खाली म्हणजे सप्तक. सिलेक्ट दाबून बाण म्हणजे एका पडद्यावरून दुसऱ्यावर. महिनाभरात हे बोटांत उतरतं आणि मग डोक्यात आलेला सूर आणि यंत्रातला सूर यांच्यामध्ये काही उरत नाही. कीबोर्डवर मी टाइप करते. हातातल्या यंत्रावर मी अंधारात, डोळे मिटून, आडवी पडून गाणं केलंय. आवाज सारखाच असेल पण मी वेगळे सूर निवडते, कारण अंगठ्याला जवळ काय आहे तेच आधी ऐकून बघितलं जातं.

लूपकरी

+१. आणि ज्याने हे आवाज गेमबॉयच्या आत घालायला हातभार लावला तो हिरोकाझू तानाका स्वतः संगीतकार होता, गेमचं संगीत करणारा. मला नेहमी वाटतं की म्हणूनच हे चार आवाज एकमेकांना इतके पुरे पडतात. ते नुसते पिंग पिंग करायला ठेवलेले नाहीत.

नवाकार्ट

फक्त गेमबॉयच का? बाकी कन्सोलवर काही नाही?

झाळकाम

भरपूर आहे. निन्टेंडो डीएसवर कॉर्ग डीएस-१० आला २००८ साली, कॉर्गच्या जुन्या एमएस-१० सिंथवरून केलेला, दोन सिंथ आणि चार ड्रम, पडद्यावर काडीने केबल ओढून पॅचिंग करायचं. डीएसमध्ये १६ चॅनल आहेत त्यामुळे श्वास घ्यायला जागा मिळते. त्यावर नायट्रोट्रॅकर पण चालतो, सॅम्पलवाला. पीएसपी असेल तर लिटल जीपी ट्रॅकर बघ, लोक त्याला पिगी म्हणतात. एलएसडीजेसारखीच रचना, चेन आणि फ्रेज, पण आठ ट्रॅक आणि स्वतःचे सॅम्पल. आणि डर्टीवेव्ह एम८ हा हातातला ट्रॅकर ज्याने केला त्या टिमोथी लॅमने आधी अर्डुइनोबॉय केला होता, गेमबॉयला मिडीने बाकी वाद्यांशी जोडणारा, म्हणजे ती वाट इथूनच गेली आहे.

चारसेल

आणि नवाकार्ट, काहीही घे पण एकच घे आणि त्यावर तीन गाणी पूर्ण कर, मग दुसरं बघ. मी पहिल्या वर्षी चार यंत्रं फिरलो.

सुरेल_चूक

उशिरा आलेय. सुरावट फार वर नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गेमबॉयमध्ये सूर भागाकाराने बनतो, १,३१,०७२ ला एका पूर्णांकाने भागायचं. खाली तो पूर्णांक मोठा असतो म्हणून सूर नेमके लागतात, वर तो लहान होत जातो आणि दोन शेजारच्या पूर्णांकांत सुरांचं अंतर वाढतं. पियानोवरचा सर्वात वरचा सा, ४,१८६ हर्ट्झचा, काढायला साधारण ३१.३ ने भागायला हवं, पण मिळतो ३१, म्हणजे सूर सुमारे १७ सेंट (सेंट म्हणजे अर्धसुराचा शंभरावा भाग) चढा. तिथे दोन चॅनल एकत्र वाजवले की कानाला टोचतं. दुसरं टोक, त्याच हिशेबाने पल्सचा सर्वात खालचा सूर ६४ हर्ट्झ. वेव्ह त्याच्या एक सप्तक खाली, ३२ पर्यंत जातो. मंद्रसप्तक, तुझा बेस वेव्हवरच राहायला हवा याचं हेही कारण आहे.

मंद्रसप्तक

अहवाल देतो, पाच दिवस लागले.

चारसेलदादांचं टेबल लावलं. पहिल्या प्रयत्नात किक चिवचिवाटासारखी आली कारण दोन सप्तकं वरून सुरुवात माझ्या बेसला फार होत होती. दीड सप्तकावरून सुरू केली, चार टिक ऐवजी तीन ठेवल्या, बसली. सूर बदलतो तशी किकही बदलते, आणि दादा म्हणाले तसंच झालं, तिसऱ्या दिवशी तेच आवडायला लागलं.

मग वेगळीच अडचण. हेडफोनवर सगळं छान आणि गेमबॉयच्या स्वतःच्या स्पीकरवर बेस गायब. दोन तास कमांड तपासत बसलो. मग सुरेल_चूक यांच्या आकड्यांवरून डोक्यात आलं की एवढासा स्पीकर ४० हर्ट्झ वाजवणार कसा. माझी लहर त्रिकोणी होती, तिच्यात वरचे हार्मोनिक फार कमी. एका बाजूला धार काढली, करवतीसारखी केली, आणि बेस स्पीकरवरही ऐकू यायला लागला. मूळ सूर तिथे वाजतच नाहीये, वरच्या हार्मोनिकवरून कान तो लावून घेतोय.

षड्जपंचमजींचं ऐकून पल्स २ वरची आर्पेजिओ पूर्ण काढली. फक्त गंधार धरला, आणि जिथे सुरावट गंधारावर येते तिथे पल्स २ सोडून दिला आणि प्रतिध्वनी ठेवला, तीन ओळी उशिरा.

आणि हे सांगायचंच होतं. गाण्याच्या मधल्या भागात मला किटमधलीच किक हवी होती, ती कडक किक, टेबलने ती येत नाही. म्हणून तिथे परत बेस दर ठोक्याला तुटतो, अगदी पहिल्यासारखा. फक्त आता बेस परत येतो तेव्हा तो मूळ सुरावर न येता पुढच्या सुराकडे घसरत येतो, एल कमांडची मींड लावलीय. काल रात्री बहिणीला ऐकवलं. ती संगीत शिकलेली आहे, कान पक्का आहे. तिला विचारलं की मधे बेस कुठे तुटतो सांग. तिने दोनदा ऐकलं आणि म्हणाली, तुटत नाही, मधे उलट जास्त सलग आहे.

खरखर

वा! घसरत परत आणायचं हे मी चोरणार.

षड्जपंचम

मींड मधे आली की कान आधीच्या सुरापासून ओढत आणतो, म्हणून फट दिसत नाही. छान केलंस. ग्रूव्ह कितीचा ठेवलाय? लिहिल्यावरून सरळ चालीचं वाटत नाहीये.

मंद्रसप्तक

सात-पाच. आठ-चार ठेवून बघितला पण फारच झुलायला लागलं.

फाईलपाल

व्हिडिओ सापडला. चाळीस सेकंद आहे आणि मधला भाग त्यात आहे, मागे सगळे बोलतायत पण सूर कळतात. काका, व्यनि करतो. मंद्रसप्तक, तुझं गाणं कधी ऐकवतोस?

मंद्रसप्तक

आज रात्री टाकतो. फाईल कंप्युटरवर उतरवतोय, ती उतरली की लगेच.